ओरडणाऱ्याचे आधी, घराचे शेवटी

प्रश्न

मॅडम, सप्रेम नमस्कार.

आम्ही इचलकरंजीत राहतो. घरामागच्या शेडमध्ये नवऱ्याचे आठ साधे माग आहेत. आम्ही खर्चीवाले, म्हणजे सूत व्यापाऱ्याचे आणि विणण्याची मजुरी आमची. मी कांड्या भरते आणि दुपारी ब्लाऊज शिवते. 2019 साली जुने माग काढून दुसरे घ्यायला आणि शेड नीट करायला एका सहकारी बँकेकडून 12 लाख काढले. राहते घर तारण आहे. हप्ता 17,800. वर्षापूर्वी एका व्यापाऱ्याने 2 लाख 10 हजारांची मजुरी अडकवली आणि तिथून घडी विस्कटली.

ओळखीच्या एकाकडून शेकडा 5 ने 2 लाख घेतले. महिन्याला 10,000 व्याज, असे 14 महिने दिले. त्याने कोरे सही केलेले दोन चेक ठेवून घेतलेत. बायकांच्या गटातून माझ्या नावावर दोन कर्जे आहेत, आठवड्याला 1,150 आणि 980. पतसंस्थेचे दीड लाख आहेत, रोज 100 रुपये पिग्मीवाल्याकडे देतो. माझ्या पाटल्या तीन वर्षांपूर्वी 90,000 ला गहाण पडल्या, त्या तीन तोळ्यांच्या आहेत. लाईट बिल जाऊन महिन्याला 27,000 राहतात, माझे 4,000 वेगळे.

बँकेचे पाच हप्ते थकलेत. आता इंग्रजीत नोटीस आली आहे, 60 दिवसांत 8 लाख 40 हजार भरा म्हणून. व्याजवाला म्हणतो, घराचे संचकारपत्र, म्हणजे विक्रीचा करार, माझ्या नावे करून द्या, बँकेचे मी बघतो. नवरा रात्रपाळीला मागावर असतो, कुणाशी बोलत नाही. परवा म्हणाले, माझ्या विम्याचे किती येतात ते काढून ठेव. मुलगी बारावीला आहे. घर वाचेल का? संचकारपत्र करून देऊ का?

एक वाचक, इचलकरंजी

उत्तर

ताई, तुमचे पत्र मिळाले त्याच दिवशी मी तुम्हाला फोन केला, कारण अंक हातात पडेपर्यंत थांबण्यासारखे हे पत्र नव्हते. फोनवर बोललो तेच इथे लिहिते आहे, काही अधिक सविस्तर. तुमच्यासारख्या घरांतून या वर्षात मला बरीच पत्रे आली आहेत.

बँकेच्या नोटिशीपेक्षा विम्याची ती ओळ मला जड गेली. एका सहकारी बँकेत मी 31 वर्षे नोकरी केली, त्यातली शेवटची नऊ वसुली खात्यात. कर्जदार असे बोलतो तेव्हा तो हिशोब करत नसतो, निरोप देत असतो. त्यांना एकटे सोडू नका. दिरांना सगळे खरे सांगा आणि काही दिवस रात्रपाळीला कोणीतरी शेडमध्ये सोबत बसा. 14416 हा सरकारचा टेली-मानस फोन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलतात. तुम्ही आधी लावा आणि मग त्यांच्या हातात द्या. त्यांना सरळ विचारायला घाबरू नका, विचारल्याने विचार डोक्यात येत नाही, उलट ओझे हलके होते. फोनवर तुम्ही म्हणालात की दीर आता रोज येऊन बसतात. ते ऐकून मला बरे वाटले.

आता पैशांचे. तुम्ही दिलेले आकडे मी कागदावर मांडले. व्याजवाल्याला 10,000, दोन्ही गटांचे मिळून महिन्याला (चार आठवडे धरून) 8,520, पिग्मीचे 3,000. बेरीज 21,520. मिळकत 31,000. म्हणजे तुम्ही कर्ज बुडवणारी माणसे नाही, दोन तृतीयांश कमाई दर महिन्याला कर्जातच देता आहात. पण ज्याच्याकडे घर तारण आहे त्या बँकेला त्यातला एक रुपया जात नाही.

हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. व्याजवाला दारात मोटारसायकल लावून हाका मारतो, गटाचा माणूस मंगळवारी चार बायकांसमोर वही उघडतो, पिग्मीवाला संध्याकाळी हजर असतो. बँक बिचारी पोस्टाने पत्र पाठवते. माणूस साहजिकच ओरडणाऱ्याचे तोंड आधी बंद करतो. माझ्या हाताने मी ज्या दारांवर ताबा नोटीस चिकटवली, त्यांतल्या एका शिंप्याच्या घरात कपाटावर आमच्या बँकेची सात पाकिटे न उघडलेली सापडली. त्याने दोन वर्षे बाहेरच्या सगळ्यांचे व्याज वेळेवर दिले होते. त्याची बायको चहा विचारत होती आणि मी भिंतीला खळ लावत होते. ती दुपार मी विसरलेले नाही, म्हणूनच हे सदर लिहिते.

तुमची नोटीस सरफेसी कायद्याची आहे, म्हणजे कोर्टात दावा न लावता बँकेला तारण ताब्यात घेऊन विकू देणारा 2002 सालचा कायदा, कलम 13(2). सहकारी बँकांना तो लागू आहे का यावर पुष्कळ वर्षे वाद चालला. मे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लागू आहे असा निकाल दिला, आणि तो खटला तुमच्याच कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडच्या सहकारी बँकेचा होता. त्यामुळे सहकारी बँकेला हा कायदा लागत नाही असे कोणी सांगून फी मागितली तर देऊ नका.

या नोटिशीने उद्या कुलूप लागत नाही. 60 दिवस नोटिशीवरच्या तारखेपासून मोजा, तुमच्या हातात पडली त्या तारखेपासून नको, म्हणजे चूक होणार नाही. या मुदतीत तुम्ही लेखी म्हणणे दिले तर बँकेला 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावेच लागते. ते देणे हा तुमचा हक्क आहे, आणि वसुली खात्यात होते म्हणून मी सांगू शकते की असे पत्र आलेली फाईल आम्ही वेगळी ठेवायचो. मुदत संपल्यावर बँक कागदावर ताबा घेते, वर्तमानपत्रात छापते. प्रत्यक्ष ताब्यासाठी सहसा जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो. लिलावाआधी पुन्हा 30 दिवसांची नोटीस. बँकेने ताब्याचे पाऊल उचलले की 45 दिवसांत पुण्याच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. मात्र पूर्ण रक्कम भरून घर सोडवून घेण्याची संधी लिलावाची जाहिरात छापून येईपर्यंतच असते. 2016 च्या दुरुस्तीने तसे केले आहे. लिलावाच्या आदल्या दिवशी पैसे घेऊन धावणारी माणसे अजून भेटतात, आणि त्यांना परत पाठवताना जीव तुटतो.

संचकारपत्र करू नका, एका ओळीचेही नको. एक तर नोटीस हातात आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय ते घर विकता किंवा दुसऱ्याला देता येत नाही, हे त्याच कलम 13 मध्ये लिहिले आहे. दुसरे म्हणजे, व्याजवाल्याला घरच हवे आहे. तो बँकेचे 8 लाख 40 हजार तुमच्या प्रेमाखातर भरणार नाही.

त्याच्याकडे परवाना आहे का, हे तुम्हाला माहीत नव्हते. सहकार खात्याच्या हातकणंगल्याच्या सहायक निबंधकांकडे परवानाधारक सावकारांची यादी असते, तिथे बघा. महाराष्ट्राचा सावकारी कायदा 2014 चा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा बिगरशेती विनातारण कर्जावर वर्षाला 18 टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. शेकडा 5 म्हणजे वर्षाला 60 झाले. 18 टक्क्यांनी तुमच्या 2 लाखांवर 14 महिन्यांचे व्याज 42,000 होते, तुम्ही दिलेत 1 लाख 40 हजार. वरचे 98,000 मुद्दलातच धरायला हवेत. परवाना नसेल तर तो गुन्हा आहे आणि पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा उपनिबंधकांकडे जाते. कोऱ्या चेकांचे नंबर त्यात लिहा. फोन-पे वरून दिलेल्या व्याजाचे पुरावे जोडा, रोख दिलेले तुमच्या डायरीतल्या तारखांसह. चेक वटला नाही अशी नोटीस आली तर 15 दिवसांच्या आत वकिलामार्फत उत्तर गेलेच पाहिजे. वकिलाची फी तुम्हाला पडणार नाही. 1987 च्या विधी सेवा कायद्याने बाईला मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा, किंवा कोर्टातल्या विधी सेवा समितीत अर्ज करा. अर्ज तुमच्या नावाने करा, नवऱ्याच्या नाही.

पाटल्यांचे बोलताना तुमचा आवाज कापत होता, आईच्या आहेत म्हणून. तरीही मी सांगते, विका. तीन वर्षांत सोन्याचा भाव कुठल्या कुठे गेला आहे, आणि गहाण ठेवताना मिळालेल्या रकमेवर तुम्ही व्याज भरत बसला आहात. सराफाने तुम्हाला सांगितलेल्या भावाने कर्ज आणि व्याज फेडून जे उरते, त्यात बँकेचे थकलेले 89,000 आणि त्यावरचे व्याज निघते. हे सगळे एकदम भरायचे, थोडे थोडे नाही. रिझर्व्ह बँकेचा नियम असा आहे की खाते एकदा थकीत ठरले की पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय ते नियमित होत नाही. दोन हप्ते भरून आलेल्या माणसाला काउंटरवर पावती मिळते, पण खाते थकीतच राहते. नोटीस पूर्ण रकमेची असली तरी सगळी थकबाकी घेऊन आलेल्या कर्जदाराचे घर आम्ही लिलावाला नेल्याचे मला आठवत नाही. बँकेला घर नको असते, वसुलीची बैठक सुखाची जावी एवढेच हवे असते.

पैसे भरतानाच अर्ज द्या: उरलेल्या कर्जाची मुदत नऊ-दहा वर्षांपर्यंत वाढवून हप्ता 12,000 च्या आसपास आणावा. कारण लिहा, व्यापाऱ्याने मजुरी थकवली, रक्कम अमुक. पोच घेतल्याशिवाय हलू नका. तुमचे माग बँकेकडे नजरगहाण आहेत, म्हणजे वापर तुमचा पण तारण बँकेचे, म्हणून दोन माग भंगारात घालून पैसे उभे करायचा नवऱ्याचा विचार बँकेच्या लेखी परवानगीशिवाय अमलात आणू नका.

आणि त्या व्यापाऱ्याकडचे 2 लाख 10 हजार तुम्ही सोडून का दिलेत? तुम्ही म्हणालात, मागायला गेलो तर पुढचे बीम, म्हणजे विणायचे सूत, देणार नाही. दिले नाहीच तरी. तुमची उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, 2021 ची आहे, म्हणजे या व्यवहाराच्या आधीची. 2006 च्या कायद्याने लहान उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकते करावे लागतात, नाहीतर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागते. लहान उद्योगांच्या थकलेल्या पैशांसाठी सरकारचे ऑनलाइन पोर्टल आहे, तिथे अर्ज करा. जिल्हा उद्योग केंद्रात विचारलेत तर ते कसे भरायचे हे सांगतात. डिलिव्हरी चलने आणि मीटरचा हिशोब जपून ठेवलात, हे फार चांगले केलेत. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकराचा असा नियम आहे की मुदतीत न दिलेली अशी रक्कम व्यापाऱ्याला त्या वर्षी खर्चात दाखवता येत नाही. एवढे त्याच्या सीएच्या कानावर गेले तरी कधी कधी पुरते.

गटांची कर्जे चालू ठेवा, 980 वाले मार्चमध्ये संपते आहे. वसुलीवाला घरी येऊन बसतो ते मात्र चालू देऊ नका. वसुली ठरलेल्या जागीच व्हायला हवी, तुम्ही लागोपाठ दोनदा तिथे गेला नाहीत तरच तो घरी येऊ शकतो, आणि सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर नाही. पतसंस्थेत जाऊन रोजचे 100 चे 50 करून मागा. जामीनदार तुमचे शेजारी आहेत, त्यांना आधी तुम्हीच सांगा. त्यांना नोटिशीतून कळले तर ते दुखावतील.

असे केलेत तर बँकेचे 12,000, गटांचे 8,520, पतसंस्थेचे 1,500 जाऊन घराला 8,980 उरतात. आज 9,480 उरतात. म्हणजे 500 रुपयांनी हात आणखी आखडेल, पण बँकेचा हप्ता त्यातच भरला जाईल. व्याजवाल्याचा हिशोब निबंधकांसमोर होऊ द्या.

बँकेत दोघे जा. तुम्ही बोला, त्यांना फक्त शेजारी बसू द्या. मुलीच्या बारावीच्या फीचे पैसे या महिन्याच्या मजुरीतून सगळ्यांच्या आधी बाजूला काढा, आणि बँकेच्या पोचेवर शिक्का पडला की मला फोन करा.