वाडा पाडण्याआधी टेप काढा

प्रश्न : नाशिकच्या पंचवटीतला आमचा वाडा निळ्या पूररेषेच्या आत आहे. एकदा पाडला की पुन्हा बांधू देत नाहीत म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. नदीकाठ ते निळी रेषा, म्हणजे अधूनमधून येणाऱ्या पुराची हद्द, हा पट्टा नव्या बांधकामाला बंदच आहे. पण २०२०च्या एकत्रित विकास नियमावलीने जुन्या, अधिकृत मिळकतीच्या पुनर्विकासाला वाट ठेवली आहे. त्यासाठी पाटबंधारे खात्याची ना-हरकत लागते आणि जोतं लाल रेषेच्या, म्हणजे त्याहून मोठ्या, क्वचित येणाऱ्या पुराच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर घ्यावं लागतं.

सगळी गोम ‘अधिकृत’ या शब्दात आहे. वाडा उभा असताना तो किती खणांचा, किती मजली, हे कुणी विचारत नाही. मोकळी जागा झाली की तो होता हे तुम्हीच सिद्ध करायचं. तेव्हा आधी आर्किटेक्टकडून मोजणी नकाशा करून घ्या, चौक-ओसरीसकट फोटो काढा. प्रॉपर्टी कार्ड, सिटी सर्व्हेचा उतारा, जुना मंजूर नकाशा शोधा. नुसत्या घरपट्टीच्या पावत्यांवर विसंबू नका; त्या कर भरल्याचा पुरावा आहेत, परवानगीचा नाही. कार्डावर अजून आजोबांचंच नाव असेल तर आधी वारस नोंद.

गंगेवरचा, म्हणजे गोदाकाठचा माणूस पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. खात्याला पातळी मीटरमध्ये लागते. मागे एका वाड्याची मोजणी करताना ओसरीच्या खांबावर २००८च्या पुराचा डाग माझ्या खांद्याच्या उंचीवर होता. नव्या जोत्याची पातळी काढली तर ती डोक्याच्याही वर गेली. घरातल्या आजी म्हणाल्या, “मग मी देवळात कशी जायची?” खाली पार्किंग आणि लिफ्ट, हे शेवटी त्यांच्यासाठीच ठरलं. हा खर्च आधीच धरा.

प्रश्न : पांडवलेण्यांच्या पायथ्याशी जुनं बैठं घर आहे. पाडून दुमजली करता येईल?

लेणी केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याकडे आहेत, त्यामुळे अंतर पाहावं लागेल. संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित. अंतर गुंफेपासून नाही, हद्दीपासून मोजतात. इथेच लोक फसतात. पहिल्या पट्ट्यात परवानगीने फक्त दुरुस्ती आणि नूतनीकरण, तेही घर १६ जून १९९२ पूर्वीचं असेल तर, किंवा नंतर पुरातत्त्व खात्याच्या मंजुरीने बांधलेलं असेल तर. मजला विसरा. दुसऱ्या पट्ट्यात सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने नवं बांधता येतं. महापालिकेचा नकाशा मंजूर झाला म्हणजे ही परवानगीही आली, असं नाही.

प्रश्न : भाडेकरू वरच्या खोल्या सोडत नाही. महापालिकेने धोकादायक इमारतीची नोटीस दिलीय. आता तो आपोआप जाईल ना?

नाही. नोटिशीने इमारत रिकामी होते, त्याचा हक्क रिकामा होत नाही. खोल्यांचं क्षेत्रफळ त्याच्यासमोर मोजा, दोघांच्या सह्या घ्या, नव्या घरात काय देणार ते कागदावर आणा. वकील मात्र तुमचा तुम्ही गाठा. दोघांचा एकच वकील ही काटकसर महागात पडते.

प्रश्न : बांधकाम परवानगी हातात आहे, पण पैसे दिवाळीनंतर येतील. थांबलं तर चालेल?

चालेल. परवानगी एक वर्षाची असते. मुदत संपायच्या आत नूतनीकरणाचा अर्ज टाका. जोतं झालं की तपासणी करून घ्या, मगच वर चढा.