हे कायदे कुणी पाळतं तरी का?

ऐरोलीच्या एका आईंचं पत्र आलं आहे. मुलगी बारावी कॉमर्सला. तिने सीए व्हावं अशी वडिलांची इच्छा. तिला मात्र आंतरराष्ट्रीय कायदा शिकून सामान्य माणसांच्या कत्तली थांबवण्याच्या कामात जायचंय. आई विचारतात, "टीव्हीवर रोज माणसं मरताना दिसतात. हे कायदे कुणी पाळतं तरी का? आणि त्यावर पोट भरेल का?"

ताई,

तुमचा पहिला प्रश्न दुसऱ्याहून मोठा आहे, म्हणून आधी तोच घेते.

१९९४ साली आफ्रिकेतल्या रवांडात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना तिथे हजर होती, इशारेही आधी मिळाले होते. पुढच्याच वर्षी युरोपात, बोस्नियातल्या स्रेब्रेनित्सात, संयुक्त राष्ट्रांनीच 'सुरक्षित' ठरवलेल्या गावात, आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यानंतर २००५ मध्ये जगातल्या देशांनी एकत्र येऊन मान्य केलं, की वंशसंहार, युद्धगुन्हे, वांशिक शुद्धीकरण आणि मानवतेविरुद्धचे गुन्हे यांपासून आपल्या लोकांना वाचवणं हे प्रत्येक सरकारचं कर्तव्य. सरकारच त्यात उघडपणे अपयशी ठरलं, तर इतरांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेमार्फत पावलं उचलायची. पण त्या परिषदेत पाच देशांकडे नकाराधिकार आहे, म्हणजे त्यांतल्या एकानेही नाही म्हटलं की ठराव अडतो. २०११ मध्ये लिबियात याच तत्त्वाच्या आधारे लष्करी कारवाई झाली (त्या ठरावावर भारत तटस्थ राहिला होता), ती सत्तांतरापर्यंत गेली आणि अनेक देशांचा विश्वास उडाला. तुमची शंका खोटी नाही.

पण सुरक्षा परिषद म्हणजे सगळा कायदा नव्हे. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये सर्बियाला दोषी धरलं ते कत्तल केली म्हणून नाही, तर स्रेब्रेनित्सातली कत्तल रोखण्यासाठी, ती करणाऱ्या बोस्नियातल्या सर्ब सैन्यावर असलेला आपला प्रभाव वापरला नाही म्हणून. न्यायालयाने सांगितलं, की गंभीर धोका आहे हे कळलं, किंवा कळायला हवं होतं, त्या क्षणापासून हे कर्तव्य सुरू होतं. 'आमच्या सैनिकांनी मारलं नाही' एवढं म्हणून सुटता येत नाही. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

२०१९ मध्ये गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाने रोहिंग्यांसाठी, म्हणजे म्यानमारमधल्या मुस्लिम अल्पसंख्याकांसाठी, म्यानमारला त्याच न्यायालयात खेचलं. त्यामागे होते त्यांचे कायदामंत्री अबुबकर तांबादू. बांगलादेशातल्या छावणीत निर्वासितांच्या कहाण्या ऐकताना त्यांना रवांडा आठवला, कारण रवांडाच्या खटल्यांसाठी नेमलेल्या न्यायाधिकरणात त्यांनी अनेक वर्षं काम केलं होतं. आणि त्याआधी? स्वतःच्या देशात, गांबियात, सरकारी वकिली. मुलीला हा क्रम नीट दाखवा.

काम आपल्याकडेही पडलं आहे. वंशसंहारविरोधी करार १९४८ चा, भारताने तो १९५९ मध्ये मंजूर केला. पण त्यासाठी वेगळा कायदा देशात झालेला नाही. १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराच्या एका खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ही पोकळी स्पष्ट बोलून दाखवली.

आता पोटाचं. थेट हेगची नोकरी हे ध्येय ठेवू नका. हेगमध्येच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय हे दुसरं न्यायालय आहे, ते देशांवर नाही तर व्यक्तींवर खटले चालवतं. त्याचा भारत सदस्य नाही, आणि तिथे भरती मुख्यत्वे सदस्य देशांच्या नागरिकांची होते. बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीसाठी राज्याची सीईटी द्यावी, सोबत क्लॅट ही राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षाही. मुंबईचं राष्ट्रीय विधी विद्यापीठ क्लॅटवर मिळतं. कॉलेजात असताना मूट कोर्ट, म्हणजे सरावासाठी लढवायचे नकली खटले, सोडू नये. फ्रेंच मात्र आत्तापासून, कारण या न्यायालयांचं काम इंग्रजी आणि फ्रेंचमध्ये चालतं.

सनद मिळाली की तीन-चार वर्षं ठाण्याच्या कोर्टात फौजदारी काम करावं, असं माझं आग्रहाचं मत आहे. ज्युनिअरच्या हातात सुरुवातीला फार पैसे पडत नाहीत, घराने तेवढा काळ धरून चालावं. पण घाबरलेल्या साक्षीदाराला बोलतं कसं करायचं, पंचनाम्यातली फट कुठे असते, हे तिथेच कळतं. वंशसंहाराचा खटलाही शेवटी साक्षी-पुराव्यावरच उभा राहतो. एलएलएमला बाहेर जायचं ते त्यानंतर, शक्यतो शिष्यवृत्तीवर. परराष्ट्र मंत्रालयातही कायदा अधिकारी लागतात, ती पदं यूपीएससीमार्फत भरली जातात. आणि यातलं काहीच जमलं नाही, तरी हातात वकिली राहते.

तिच्या बाबांना सांगा, हिशेब वाचता येणं वाया जात नाही. शस्त्रांचा पैसा कुठून आला हे शोधणारी माणसंही या तपासांना लागतात. पण तिचं मन नसताना सीएला बसवू नका.

सुनावणी सहसा कुणालाही बसून ऐकता येते. एखाद्या कामाच्या दिवशी ट्रान्स-हार्बरने दोघी ठाण्याला या, जिल्हा न्यायालयात मागच्या बाकावर दोन तास बसा. परतताना तिला काय वाटलं ते मला कळवा.