अंदाज चुकतात, मग अंदाज बांधणाऱ्यांना नोकरी कोण देतं?

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे अर्थशास्त्रात एम.ए. करून 'इकॉनॉमिक फोरकास्टिंग'मध्ये जायचं म्हणते. २००८ मध्ये तेल आणि घरं, दोन्हींबाबत भलेभले तोंडावर आपटले. हे पोपट घेऊन बसण्यासारखंच ना? त्यापेक्षा तिने बँकेची पीओ परीक्षा द्यावी, असं आम्हा दोघांना वाटतं.
– एक पालक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. आपटले हे खरंच. मे २००८ मध्ये गोल्डमन सॅक्स ही अमेरिकी गुंतवणूक बँक तेल पिंपाला दीडशे ते दोनशे डॉलरवर जाऊ शकतं म्हणत होती. जुलैत पिंपाचा भाव १४७ ला शिवला आणि डिसेंबरात चाळिसाच्या खाली आला. अमेरिकेत घरांच्या किमती २००६ नंतर उतरणीला लागल्या होत्या, तरी मार्च २००७ मध्ये फेडचे (तिथल्या मध्यवर्ती बँकेचे) अध्यक्ष बेन बर्नान्की सबप्राइमची, म्हणजे परतफेडीची ऐपत कच्ची असणाऱ्यांना दिलेल्या गृहकर्जांची, झळ आटोक्यात राहील असंच सांगत होते.

पण चुकलं कुठे ते बघा. तेलवाले तेलाचा आलेख बघत बसले, घरवाले घरांचा. कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड, सॅन बर्नार्डिनोकडे लोकांनी स्वस्त पडतात म्हणून लांब घरं घेतली होती. कामाला रोज मोटारीने लॉस एंजेलिसच्या दिशेला. पेट्रोल गॅलनला चार डॉलरच्या वर गेलं आणि पगारातून घराचा हप्ता आधी भरायचा की गाडीची टाकी, असा पेच पडला. हप्ते आधीच थकू लागले होते (कर्जंच तशी वाटली होती म्हणा!), त्यात ही भर. अर्थतज्ज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी २००९ मध्ये आकडेमोड करून तेलाच्या भडक्याचा अमेरिकेतल्या त्या वेळच्या मंदीतला वाटा दाखवला. असे धागे जोडणं हे या क्षेत्रातलं खरं काम. टीव्हीवर दिसतो तो नेमका आकडा हा त्यातला सर्वांत कच्चा भाग. रघुराम राजन यांनी २००५ मध्ये अमेरिकेतल्या जॅक्सन होलच्या अर्थतज्ज्ञांच्या परिषदेत २००८ च्या संकटाची तारीख दिली नव्हती. जोखीम कुठे साचतेय ते सांगितलं होतं.

रिझर्व्ह बँकेचा पतधोरण अहवाल मुलीकडून समजून घ्या. महागाईचा अंदाज तिथे पंख्यासारख्या पसरत जाणाऱ्या पट्ट्यात छापतात. चुकण्याची शक्यता मोजून सांगायची, त्याचाच पगार असतो.

नोकऱ्या आहेत, पण निव्वळ 'फोरकास्टर' म्हणून थोड्याच. बँकांचे संशोधन विभाग, पतमापन संस्था, रिझर्व्ह बँकेचे अर्थ आणि सांख्यिकी विभाग इथे हे काम चालतं. यूपीएससीची भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा तिला पदवीवरच देता येईल. भारतीय आर्थिक सेवेला मात्र अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. पुण्याची गोखले संस्था आणि गोरेगावची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था हे जवळचे चांगले पर्याय. गणित नको म्हणून अर्थशास्त्राकडे वळणाऱ्यांना मी इथे येऊ नका म्हणतो. तुमच्या मुलीची ती अडचण दिसत नाही.

फी भरण्याआधी तिला एक काम द्या. सेंट लुईस फेडच्या संकेतस्थळावर तेल आणि घरांच्या किमतींची आकडेवारी फुकट मिळते. डिसेंबर २००७ पर्यंतची घ्यायची, २००८ चा अंदाज कमीत कमी ते जास्तीत जास्त असा कागदावर लिहायचा, मग पुढचे आकडे उघडायचे. का चुकलं हे शोधत ती रात्री उशिरापर्यंत बसली, तर पीओचा विषय सोडून द्या. कंटाळली, तर पीओचा फॉर्म भरायला तुम्हाला सांगावंही लागणार नाही.