नव्या आशाताईला: रोटाव्हायरसचं आधी एवढंच पक्कं कर

ताई, सगळी पुस्तिका एकदम पाठ करायला बसू नकोस. रोटाव्हायरस हा बाळांना जोरदार जुलाब करणारा विषाणू. जुलाबाने बाळ दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यामुळे. रोटाव्हायरसवर नेमकं औषध नाही, म्हणून लस आणि ओआरएस (पाण्यात विरघळवून पाजायची क्षार-साखरेची पूड) हीच आपली खरी हत्यारं.

लस तोंडावाटे, पेंटाव्हॅलंटसोबतच (पाच आजारांवरची एकत्र लस): ६, १० आणि १४ आठवडे. तारीख हुकली तरी आईला रागावू नकोस, पुढच्या सत्राला आण. पहिला डोस मात्र वर्षाच्या आत हवा. ‘लस दिली तरी जुलाब झाले’ असं कुणी म्हणालं, तर शांतपणे सांग की जुलाबाची कारणं बरीच असतात. ही लस रोटाव्हायरसचा जोरदार आजार टाळते.

नव्या ताया हमखास चुकतात ते इथे:

- ओआरएसचं अर्धं पाकीट पेलाभर पाण्यात टाकणं. तसं नाही: पूर्ण पाकीट, १ लिटर स्वच्छ पाणी, २४ तासांत संपवायचं. आईकडून स्वतःसमोर करून घे. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने.
- जुलाब थांबले की झिंकच्या गोळ्या बंद करणं. त्या १४ दिवस द्यायच्याच.
- अंगावरचं दूध तोडणं. आजी सांगतील, तरी तोडू देऊ नकोस.

डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं, पीत नाही किंवा शौचात रक्त दिसलं, तर घरी वाट पाहू नकोस. थेट प्राथमिक आरोग्य केंद्र, वाटेतही ओआरएस चालू. बाकीचं हळूहळू येईल, अडलीस की विचार.