वाचक विचारतात : ढालीवरचा तो पक्षी गरुड नव्हे

प्रश्न : एका कॅथलिक सेमिनरीचं (धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेचं) जुनं मानचिन्ह आम्हाला फक्त काळ्या शाईत छापलेलं मिळालं आहे. ढालीच्या वरच्या पट्ट्यात बारीक ठिपके आणि त्यावर तारा. खाली घरट्यात पंख उभारलेला कोरा पक्षी, बहुधा गरुड. ताऱ्यात आणि पक्ष्यामागे आडव्या रेघा आहेत. महोत्सवासाठी ते रंगीत करायचं आहे. रंग कसे ठरवावेत?

उत्तर : रंग ठरवू नका, ते तिथे लिहिलेलेच आहेत. सतराव्या शतकात सिल्व्हेस्टर पेट्रा सँक्टा या येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंनी रूढ केलेली ही खुणांची पद्धत आहे. ठिपके म्हणजे सोनेरी, कोरी जागा चंदेरी, उभ्या रेघा तांबड्या, आडव्या निळ्या, उभ्या-आडव्या एकमेकींवर आल्या की काळा. म्हणजे तुमचा पट्टा सोनेरी, तारा निळा, खाली पक्ष्यामागची जागा निळी आणि पक्षी चंदेरी. सोनेरीऐवजी पिवळा आणि चंदेरीऐवजी पांढरा चालतो. राखाडी मात्र वापरू नका, लांबून मळकट दिसतो.

सगळ्यात जास्त घोटाळा स्कॅन करताना होतो. ठिपके कागदावरची घाण समजून पुसले जातात आणि सोन्याची चांदी होते. आधी भिंगाखाली मूळ छाप तपासा.

आता पक्षी. त्याची चोच बघा. मान वाकवून ती स्वतःच्याच छातीत टोचलेली असेल आणि खाली पिल्लं, बहुधा तीन, चोची वर करून असतील, तर तो पेलिकन. स्वतःच्या रक्तावर पिल्लं जगवणारा पक्षी, अशी त्याच्याबद्दलची जुनी समजूत. त्यात ख्रिस्ताचं बलिदान आणि ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत दिली जाणारी पवित्र भाकर) दोन्ही येतात, आणि उद्या वेदीवर उभ्या राहणाऱ्यांच्या ढालीवर याहून नेमकं चिन्ह मला सुचत नाही. रक्ताचे थेंब तांबडेच ठेवा. गर्दी होते म्हणून पिल्लं काढलीत, तर उरेल तो नुसता पिसं साफ करणारा पक्षी. फोटो बघून थैलीवाली चोचही काढू नका. मानचिन्हातला पेलिकन सडपातळ चोचीचा असतो.

तारा बहुधा पवित्र मरियेचा. त्याची टोकं मोजून तेवढीच ठेवा. पोप फ्रान्सिस यांच्या मानचिन्हातला तारा २०१३ मध्ये आधी पाच टोकांचा होता, मग आठ टोकांचा झाला. त्यातलं संत जोसेफचं जटामांसीचं फूल तर अनेकांना द्राक्षांचा घड वाटलं. म्हणून मानचिन्हाचं शब्दांतलं वर्णन सेमिनरीच्या जुन्या दप्तरात शोधा. चित्र आणि वर्णन जुळत नसेल तर वर्णन खरं धरा. त्यातलं ‘उजवीकडे’ म्हणजे ढाल धरणाऱ्याच्या उजवीकडे, बघणाऱ्याच्या डावीकडे.

प्रश्न : ढालीवर गोंडेवाली हिरवी टोपी घालावी का? आणि बोधवाक्य कुठे?

उत्तर : टोपी नको. ती व्यक्तीच्या पदाची खूण आहे : बिशपांची हिरवी, दोन्ही बाजूंना सहा-सहा गोंडे, आर्चबिशपांना दहा-दहा, कार्डिनलांची लाल, पंधरा-पंधरा. धर्मप्रांताशी (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाशी) नातं दाखवायचं तर त्याचं एखादं चिन्ह ढालीत घ्या. बोधवाक्य ढालीखालच्या फितीवर लिहा. ढालीच्या आत अक्षरं शोभतात ती अल्फा-ओमेगा किंवा ख्रिस्ताच्या नावातली खी आणि ऱ्हो ही ग्रीक अक्षरं. ऱ्हो इंग्रजी ‘पी’सारखं दिसतं, म्हणून त्याला नावाचं आद्याक्षर समजून पुढे टिंब देऊ नका.