पहिली इटाबॅग कोणती घ्यावी? आधी खिडकी मोजा

प्रश्न असा आहे : "माझ्याकडे एकाच ॲनिमे पात्राचे १४ बॅज, दोन ॲक्रिलिक कीचेन आणि एक छोटी सॉफ्ट टॉय बाहुली आहे. पहिली इटाबॅग घ्यायची आहे. बदामाच्या आकाराची छोटी क्रॉसबॉडी घेऊ की मोठी सॅक? रोज कॉलेजला नेता येईल का? बजेट २५०० रुपये. मी नाशिकला राहते."

इटाबॅग म्हणजे पारदर्शक खिडकीची बॅग, त्या खिडकीत आवडत्या पात्राचे बॅज, कीचेन वगैरे मांडून मिरवायचे. माझं मत विचाराल तर दोन्ही नको. खांद्यावर अडकवायची, चौकोनी खिडकीची टोट घ्या. खिडकी ए४ कागदाएवढी असली की तुमच्या सामानाला पुरते. मी टोकियोत निशिकासाईला राहते, इथे आपल्या लोकांची बरीच वस्ती आहे. भारतातून येणारी बरीच मुलं-मुली पहिल्या सुट्टीला इकेबुकुरोला किंवा अकिहाबाराला (ॲनिमेच्या दुकानांचे इथले भाग) जातात आणि दुकानात दिसलेली सगळ्यात गोड बॅग उचलून आणतात. मग घरी बसून तिच्यात काय काय मावेल याचा विचार सुरू होतो. हा क्रम उलटा हवा. आधी सामान, मग खिडकी, बॅग सगळ्यात शेवटी.

म्हणून आज एक काम करा. बॅजवर पट्टी ठेवून व्यास मोजा. जपानी गोल बॅज बहुतेक करून ५७ मिमीचे असतात. मोठे घेतलेत तर ७५ मिमीच्या आसपास भरतील. ए४ कागद २१० बाय २९७ मिमीचा. त्यावर ५७ मिमीचे बॅज एकाला एक चिकटून ठेवले तर एका ओळीत ३ आणि अशा ५ ओळी, म्हणजे १५ बसतात. पण बॅजवर पारदर्शक कव्हर घालणार असाल (आणि घालाच) तर प्रत्येकी ६० मिमी धरा. मग पाचवी ओळ बसत नाही आणि आकडा १२ वर येतो. ७५ मिमीचे असतील तर २ च्या ३ ओळी, फक्त ६. दुकानाच्या फोटोत बॅग केवढी दिसते यावर जाऊ नका. वर्णनात खिडकीचं माप वेगळं दिलेलं असतं, ते वाचा. बॅगेचं माप आणि खिडकीचं माप यात बराच फरक पडू शकतो, कारण कडेची शिवण, चेन आणि बंद यातच बरीच जागा जाते.

आता तुमचे १४ बॅज, बाहुली आणि कीचेन या मापात कसे बसतील ते बघू. बाहुली १० सेंमीची असेल असं धरते, इथे सगळ्यात जास्त त्याच मापाच्या मिळतात. कागद उभा ठेवा. वर ३ बॅज. त्याखाली मधोमध बाहुली आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकाखाली एक असे २-२ बॅज. बाहुलीला मध्ये ९० मिमी रुंदी मिळते, ती पुरते. त्याखाली पुन्हा ३ बॅज. इथपर्यंत उंची २४० मिमी झाली. खाली जी ५७ मिमीची पट्टी उरते तिथे दोन्ही कीचेन साखळी काढून आडव्या ठेवा. १० बॅज, बाहुली, २ कीचेन, आणि खिडकी काठोकाठ भरलेली. उरलेले ४ बॅज घरी ठेवा, मांडणी बदलायला किंवा अदलाबदलीला उपयोगी पडतात. बरेच बॅज बंद पाकिटात विकतात, आत कोणतं पात्र निघेल ते सांगता येत नाही, त्यामुळे इथे अदलाबदल हा छंदाचाच भाग आहे. इकेबुकुरोला ॲनिमेट या ॲनिमे-दुकानांच्या साखळीच्या मुख्य दुकानासमोरच्या छोट्या बागेत हातात बॅजची पाकिटं घेऊन उभी असलेली माणसं मी कितीदा पाहिली आहेत.

बदामाची बॅग का नको, ते हा कागद बदामाच्या आकारात कापून बघितलात की लगेच कळेल. खालच्या टोकाला जेमतेम एक बॅज बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या तिरक्या जागा रिकाम्या राहतात. त्या भरायला रिबनची फुलं, मोती, लेस आणावी लागते. ते करायची हौस असेल तर बदामाची बॅग फार सुंदर सजते, पण ती दुसरी किंवा तिसरी म्हणून घ्यावी. आणि सॅक? तिची खिडकी मोठी असते. १४ बॅजमध्ये ती अर्धी रिकामी दिसणार, आणि रिकामी खिडकी भरायच्या नादात माणूस न आवडणारं सामान विकत घेतो. हे मी खूप जवळून पाहिलं आहे आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं. ज्या पात्रावर जीव आहे (इथे त्याला ओशी म्हणतात) त्याच्या १० वस्तू नीट मांडलेल्या असल्या की बॅग पूर्ण होते. शिवाय सॅक पाठीवर असते, मागे कोण हात लावतंय ते आपल्याला दिसत नाही. इथे ट्रेनमध्ये सॅक पुढे घ्या असं रेल्वेवालेच सांगतात. मुंबईच्या लोकलमध्ये तर ते सांगावंच लागत नाही. पण पुढे घेतलेल्या सॅकची खिडकी गर्दीत समोरच्या माणसावर घासते.

आता खिडकीचं प्लॅस्टिक. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण सामान खराब होतं ते इथेच. बहुतेक बॅगांची खिडकी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मऊ राहावं म्हणून त्यात तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं आणि ते हळूहळू बाहेर येतं. रबराची कीचेन महिनोन् महिने खिडकीला टेकून राहिली की दोन्ही एकमेकांना चिकटतात. सोडवलं की खिडकीवर ओलसर चकाकणारा डाग राहतो आणि कधी रबराचा रंगही तिथे उतरतो. छापील कार्डांचंही तेच, शाई खिडकीला लागते. उन्हात हे सगळं लवकर होतं आणि प्लॅस्टिकही पिवळं पडतं. म्हणून बॅग घेताना आतून हात घालून बघा, खिडकी आणि मागचा कपडा यात बोटाच्या एका पेराएवढी तरी जागा आहे का. बाहुलीसाठी त्याहून जास्त, निदान ५ सेंमी खोली हवी. नाहीतर ती दाबली जाते आणि खिडकी फुगते. तेवढी खोली नसेल तर बाहुली घरीच ठेवा. पट्ट्याला बाहेर लटकवली की काही दिवसांत मळते आणि धुतल्यावर तिचा चेहरा पूर्वीसारखा राहीलच असं नाही.

फोटोकार्ड लावायचं झालं (के-पॉपवाल्यांचं कार्ड साधारण ५५ बाय ८५ मिमीचं असतं) तर ते आधी पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटात घाला. स्टेशनरीच्या दुकानात पीव्हीसीची मऊ पाकिटंही मिळतात, ती नकोत.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे आतला इन्सर्ट, म्हणजे ज्यावर बॅज टोचायचे तो वेगळा निघणारा फळा. तो नसेल तर पिना थेट बॅगेच्या कापडात जातात, भोकं पडतात आणि दर वेळी मांडणी बदलताना बॅगेत डोकं घालून काम करावं लागतं. इन्सर्ट असला की तो बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा, निवांत मांडायचं आणि परत सरकवायचा. बॅगेबरोबर येणारा इन्सर्ट बऱ्याचदा नुसत्या पातळ कापडाचा असतो, बॅजच्या वजनाने पोटाशी वाकतो. त्याच्या मागे ३ मिमीचा सनबोर्ड त्याच मापात कापून घाला. स्टेशनरीच्या दुकानात मिळतो, कटरने कापता येतो. त्यावर फोमची शीट आणि वर ओशीच्या रंगाचं फेल्ट. बॅजच्या मागे सेफ्टी पिन असते. ती फेल्टमधून एकदाच घातली तर बॅज फिरतो आणि चेहरा वाकडा होतो. पिन आत, बाहेर, पुन्हा आत अशी दोन टाक्यांत घ्या. तुमच्याकडे मीनाकारीसारखे धातूचे पिन असतील तर मागचं फुलपाखरी बूच काढून स्क्रूने आवळायचं बूच लावा. फुलपाखरी बूच चालता चालता सैल होतं.

रोज कॉलेजला नेऊ नका. वह्या-पुस्तकं आतून इन्सर्टला ढकलतात. बॅज पत्र्याचे असतात, एकमेकांवर घासून ओरखडे पडतात. गाडीवर जात असाल तर ऊन आणि धूळ दोन्ही लागते. शिवाय नाशिकचा पावसाळा. खिडकी शिवलेली असते, सुईच्या भोकांतून पाणी आत जातं. पाऊस दिसत नसला तरी हवेतली ओल पुरते. बॅज उलटा करून बघा, पुढचा पत्रा मागे वळवून दाबलेला असतो, त्या कडेलाच आधी तांबूस ठिपके येतात. एकदा आले की आत पसरतात आणि पुढच्या चित्राखालचा कागद फुगतो. जून ते सप्टेंबर बॅज काढून सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर हवाबंद डब्यात ठेवा. बॅग रिकामी, सावलीत, खिडकीवर साधा पांढरा कागद लावून ठेवा. घडी घालू नका, पीव्हीसीवर पडलेली घडीची खूण जात नाही. कॉमिक कॉनला, मैत्रिणींच्या भेटीला, वाढदिवसाला न्या. रोजसाठी एकच बॅज साध्या कॉलेज बॅगेला लावा, डुप्लिकेट असलेला.

राहिलं बजेट. जपानात चांगली इटाबॅग साधारण ३००० ते ८००० येनला मिळते. रुपयांत ते आवाक्यातलं वाटतं, पण कुरिअर आणि कस्टम ड्युटी धरली की २५०० रुपयांत बसवणं अवघड आहे. इथून कुणी येणारं असेल तर मागवा. बॅगेपेक्षा बॅजची कव्हरं आणि इन्सर्ट आवर्जून मागवा, १०० येनच्या दुकानांत (दाइसो, सेरिया) ती कर धरून ११० येनपासून मिळतात, वजनाला हलकी असतात आणि पाठवणाऱ्याला जड जात नाहीत.

नाहीतर शिवून घ्या. मला हाच मार्ग जास्त आवडतो. जाड कॅनव्हासची तयार टोट आणा. टेबलावर घालायला पारदर्शक प्लॅस्टिक मीटरवर मिळतं, त्यातलं मध्यम जाडीचं निवडा. फार पातळ सुरकुततं, फार जाड शिलाई मशीनखाली सरकत नाही. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडे द्या, नेहमीच्या शिंप्याची मशीन याला कमी पडते. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा : खिडकीच्या आत २१० बाय २९७ मिमी मोकळी जागा हवी, खिडकीच्या मागे स्वतंत्र अस्तराचा कप्पा हवा म्हणजे पाकीट-मोबाईल बॅजला लागणार नाही, आणि त्या कप्प्याला आतून चेन हवी. बाहेरून चेन नको, गर्दीत उघडते. बाहुलीसाठी बाजूंना ५ सेंमीची पट्टी घालायला सांगा. पट्टा मात्र रुंद घ्या. सगळं भरल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर बॅगेचं वजन करून बघा, पत्रा वाटतो त्यापेक्षा जड असतो आणि अरुंद पट्टा खांद्यात रुततो.

तुमच्या बॅजचा व्यास, बाहुलीची उंची-रुंदी आणि ओशीचा रंग खाली लिहिलात तर फेल्ट कोणत्या रंगाचं घ्यावं आणि कोणता बॅज कुठे, ते मी मांडून सांगते.