महाभारतावर २४ पानी फॅन्टसी कॉमिक काढायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: चित्रं बऱ्यापैकी जमतात, पदरचे पैसे घालून २४ पानी मराठी कॉमिक छापायचं आहे, पण कर्ण घ्यावा की घटोत्कच आणि पानं कशी पाडावीत ते ठरत नाही.

मी म्हणेन, दोघांनाही सोडा. कर्णाचं अख्खं आयुष्य २४ पानांत कोंबलंत, तर दर दुसऱ्या चौकटीवर ‘काही वर्षांनी’ लिहीत बसावं लागेल. त्यापेक्षा जिच्या पोटातच मुदत आहे अशी एखादी उपकथा घ्या. आदिपर्वाच्या तिसऱ्या अध्यायातली उत्तंकाची गोष्ट या कामासाठी घडवल्यासारखी आहे. उत्तंक हा शिष्य, आणि त्याच्या गुरुपत्नीला पौष्य राजाच्या राणीची कुंडलं हवी आहेत, तीही चौथ्या दिवसाच्या आत. उत्तंक ती मिळवतो, परतीच्या वाटेवर तक्षक नाग क्षपणकाच्या, म्हणजे नग्न भिक्षूच्या, वेषात येऊन ती पळवतो आणि बिळातून नागलोकात शिरतो. उत्तंक काठीने बीळ उकरू लागतो, इंद्र त्या काठीत वज्र घालतो आणि वाट फुटते. मूळ मजकुरासाठी पुण्याच्या भांडारकर संस्थेची चिकित्सक आवृत्ती, म्हणजे अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेला पाठ, बघा. महाभारतावर कुणाचा हक्क नाही, पण एखाद्या भाषांतरातली वाक्यं जशीच्या तशी उचलू नका. त्यांवर हक्क असू शकतो.

आता पानं. ए४ चे सहा कागद एकात एक घालून दुमडा, ए५ आकाराची २४ पानं मिळतील. त्यांवर आकडे घाला आणि काड्यांची माणसं काढत अख्खी गोष्ट बसवा. विषम पान उजवीकडे येतं, सम पान डावीकडे. पान उलटल्यावर नजर पहिल्यांदा सम पानावर पडते, म्हणून धक्का नेहमी सम पानावर द्यायचा. उजव्या पानावर दिलात तर तो शेजारच्या डाव्या पानाबरोबरच दिसून जातो. सेंटर पिन बाइंडिंगमध्ये, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारलेल्या बांधणीत, १२ आणि १३ ही पानं एकाच सलग कागदावर येतात, बाकीच्या जोडपानांत चित्र मधोमध एखाद-दोन मिलिमीटर सरकतं. तेव्हा ११व्या पानाच्या शेवटच्या चौकटीत काठीत वज्र शिरू द्या आणि १२-१३ वर पूर्ण नागलोक उघडा. पांढऱ्या-काळ्या धाग्यांनी वस्त्र विणणाऱ्या दोन स्त्रिया, सहा कुमार फिरवत असलेलं चक्र, एक पुरुष आणि घोडा, सगळं त्या एका चित्रात. ते रात्र-दिवस, सहा ऋतू, पर्जन्य आणि अग्नी आहेत हे तिथे सांगू नका. मूळ कथेतही उत्तंकाला ते गुरूकडे परतल्यावरच कळतं.

मुदत वाचकाला सतत जाणवली पाहिजे. त्याची सोय कथेतच आहे: शेवटी गुरुपत्नी न्हाऊन केस विंचरत बसलेली असते आणि उत्तंक आला नाही म्हणून शाप द्यायच्या बेतात असते. नागलोकाच्या पानांत मधूनमधून तिच्या फणीची एक छोटी चौकट घाला. पहिल्यांदा केस ओले, मग निम्मे विंचरलेले, मग फणी थांबलेली. एक शब्दही लागत नाही.

चोरीचा प्रसंग तीन सारख्या चौकटींत काढा. तोच रस्ता, तेच झाड, कॅमेरा जागचा हलवायचा नाही. पहिल्या चौकटीत दूरवर क्षपणकाच्या वेषातला तक्षक दिसतो, दुसरीत नाही, तिसरीत जवळ आलेला. मूळ वर्णनातच तो क्षणात दिसतो आणि क्षणात दिसेनासा होतो.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो कथा ‘सभ्य’ करताना. उत्तंक वाटेत बैलाचं शेण खातो आणि नागलोकात घोड्याच्या गुदद्वारात फुंकर मारतो, मग घोड्याच्या अंगातून ज्वाळा आणि धूर निघतो आणि घाबरून तक्षक कुंडलं परत देतो. हे दोन्ही प्रसंग कृपा करून गाळू नका. शेण हे अमृत होतं, म्हणून तर तो नागलोकात जगला. ते काढून तिथे तलवारबाजी घातलीत की उत्तंक चारचौघांसारखा पिळदार नायक होतो. फुंकर घोड्याच्या समोरून काढा: घोड्याचे विस्फारलेले डोळे, नाकपुड्यांतून पहिला धूर, पायांमधून दिसणारे उत्तंकाचे पाय. कुणाला काही खटकणार नाही.

वेशभूषेसाठी मालिकांकडे बघू नका. अजिंठ्याच्या १९व्या लेण्याबाहेर नागराज आणि त्याची राणी बसलेली आहे. डोक्यामागचा फणा, दागिने, बसण्याची ढब, सगळं तिथून घेता येईल.

ए५ छपाईसाठी मूळ चित्र दीडपट काढा, म्हणजे २२२ × ३१५ मिमी, ए३ कागदावर मावतं. मधल्या जोडपानाला मात्र ए२ लागेल. चित्र कडेपर्यंत जाणार असेल तर छापील मापात चारी बाजूंनी ३ मिमी जादा ठेवा. संवादांचे फुगे कडेपासून निदान ८ मिमी आत. पानाला चार-पाच चौकटी, फार तर ६० शब्द. रेषा ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा.

अक्षरांत मराठी कॉमिक हमखास मार खातं. वर-खाली मात्रा आणि उकार असल्याने ९ पॉइंटच्या अक्षराला ओळींमध्ये १३ पॉइंट तरी द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. शिरोरेषेमुळे ओळ आडवी पसरते, म्हणून फुगा गोल नको, रुंद हवा. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) सुरू केला नाही तर जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन बसते. फॉन्टमध्ये ल आणि श मराठी वळणाचे आहेत का, हेही आधी तपासा. आरडाओरडा दाखवायला आपल्याकडे इंग्रजीसारखी कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा अक्षर जाड करा. आणि अक्षरं फक्त काळ्या शाईत ठेवा. चारही शायांत (सायन म्हणजे निळसर, मॅजेंटा म्हणजे गुलाबी, पिवळी आणि काळी) गेली तर छपाई केसभर सरकली तरी कडा रंगीत दिसतात.

नागलोकाला गडद निळा देणार असाल तर त्यात मॅजेंटा सायनपेक्षा निदान ३० टक्क्यांनी कमी ठेवा. दोन्ही सारखे झाले की पडद्यावर निळा दिसलेला नाग कागदावर जांभळा उतरतो. म्हणून छापखान्याकडून १२-१३ या पानांचा रंगीत प्रूफ, म्हणजे नमुना छपाई, आधी मागा, बाकीची पानं नंतर रंगवा.